बंद दाराआड काय चालतं?

आयर्लंडमध्ये डब्लिन शहराजवळ डोनाबेट नावाचं गाव आहे. तिथे न्यूब्रिज हाउस हा जुना वाडा आजही उभा आहे. याच वाड्यात फ्रान्सिस पॉवर कॉब लहानाची मोठी झाली. तिचा जन्म ४ डिसेंबर १८२२ चा.

आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचा भाग होता. फ्रान्सिस जन्मली त्याच वर्षी लंडनच्या संसदेत एक कायदा झाला. गाईगुरं, घोडे, मेंढ्या यांना क्रूरपणे वागवलं तर दंड! हा कायदा आणणारे खासदार रिचर्ड मार्टिन हेही आयर्लंडचेच, गॉलवेचे. पण प्रयोगशाळेतल्या कुत्र्या-मांजरांना या कायद्याचा काही उपयोग नव्हता.

फ्रान्सिसला चार भाऊ होते. मुलींना त्या काळी विद्यापीठात प्रवेशच नसे. मग ती घरातली पुस्तकं वाचून शिकली. १८५७ मध्ये वडील गेले आणि वाडा भावाकडे आला. तिने घर सोडलं, इजिप्तपर्यंत एकटीने प्रवास केला. पुढे लंडनच्या वर्तमानपत्रांत लिहून ती स्वतःच्या पायावर उभी राहिली.

१८६३ मध्ये कॉबबाई इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात होत्या. तिथे एक शास्त्रज्ञ जिवंत कुत्र्यांवर प्रयोग करत असे. बाईंनी त्याविरुद्ध शेकडो लोकांच्या सह्या गोळा केल्या. प्रयोग काही थांबले नाहीत. नुसती विनंती पुरत नाही, कायदा हवा, हे त्यांना पटलं.

१८७५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये प्रयोगांतल्या प्राण्यांसाठी संस्था काढली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७६ मध्ये कायदा झाला. आता प्रयोग करायला परवाना लागणार होता. प्राण्याला भूल द्यायची, म्हणजे त्याला वेदना कळू नयेत असं औषध द्यायचं. सरकारी निरीक्षक तपासणीला येणार. प्रयोगांवर अशी देखरेख ठेवणारा कायदा याआधी नव्हता.

तरी कॉबबाई नाराजच होत्या. मूळ मसुद्यात कुत्र्या-मांजरांवरच्या प्रयोगांना बंदी होती. डॉक्टरांनी जोरदार विरोध केला आणि ती बंदी गळाली. खास दाखला मिळाला, तर भूल न देताही प्रयोग करता येई. निरीक्षकही मोजकेच होते. कायदा कागदावर आहे, पण दाराआड बघायला कोण जातंय, असं त्यांना वाटे. पुढे तर त्या प्रयोगांवर पूर्ण बंदीच मागू लागल्या.

त्यांच्याही हातून एक चूक झाली. १८९२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली एक पुस्तक निघालं. त्यातल्या काही प्रयोगांत प्राण्यांना भूल दिलेली होती, पण पुस्तकात ते सांगितलंच नव्हतं. विरोधकांनी हे उघडकीला आणलं. बाईंची फार नाचक्की झाली. पुस्तक मागे घेऊन दुरुस्त करावं लागलं. दुसऱ्यांवर नजर ठेवणाऱ्याने आपली माहितीही तपासून घ्यायला हवी, हे त्यातून दिसलं.

५ एप्रिल १९०४ रोजी वेल्समध्ये त्यांचं निधन झालं. आयर्लंड स्वतंत्र झालं, तरी १८७६ चा कायदा तिथे अनेक दशकं चालू राहिला. आता युरोपीय संघाचे जास्त कडक नियम आहेत. औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्थाच प्रयोगांना परवाने देते. प्राण्यांशिवाय काम होत असेल, तर प्राणी वापरता येत नाही. काही तपासण्या तर न कळवताच होतात. प्रयोग अजून थांबलेले नाहीत, पण बंद दारावर आता अचानक थाप पडू शकते.

जरा विचार करा
१. फ्लॉरेन्सच्या अनुभवातून कॉबबाई काय शिकल्या?
२. न कळवता तपासणी केली, तर काय फरक पडतो?
३. नवीन औषध माणसांना देण्याआधी प्राण्यांवर तपासावं का? तुमचं मत कारणांसह पाच वाक्यांत लिहा.