वॉलेस आणि वर्षावनाचा जमाखर्च

उत्क्रांतिवादाचा विषय निघाला की डार्विनचे नाव प्रथम येते आणि आल्फ्रेड रसेल वॉलेसचे नाव बहुधा तळटीपेत राहते. श्रेय कोणाचे किती, या वादात वॉलेसच्या आयुष्यातील एक अधिक बोधप्रद भाग मात्र झाकून जातो. वर्षावनातील जीव विकून पोट भरणाऱ्या या माणसाला त्या वनाचे मोल बाजारभावात मावत नाही, हे हळूहळू उमगत गेले. तो पाठ जगाने अद्याप गिरवलेला नाही.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील उस्क गावाजवळ झाला. घरची स्थिती खालावल्याने चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाच्या हाताखाली जमीनमोजणीचे काम शिकू लागला. डार्विनपाशी वडिलार्जित संपत्ती होती. वॉलेसपाशी केवळ जिज्ञासा होती. १८४८ मध्ये हेन्री बेट्स या मित्रासमवेत तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला. पक्षी व कीटक जमवायचे, ते लंडनच्या दलालामार्फत संग्राहकांना विकायचे आणि त्या पैशावर संशोधन चालवायचे, असा हा व्यवसाय होता. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. बहुतेक संग्रह जळाला आणि वॉलेस दहा दिवस होडीत तरंगत राहिला. दलालाने विमा उतरवला होता म्हणूनच तो पुन्हा उभा राहू शकला.

१८५४ ते १८६२ ही आठ वर्षे त्याने मलाया द्वीपसमूहात काढली. या काळात त्याने सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले. त्यांपैकी ८३ हजारांवर केवळ भुंगेरे होते. १८५८ च्या आरंभी तापाने फणफणलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीचे तत्त्व सुचले. ते त्याने डार्विनला कळवले आणि १ जुलै १८५८ रोजी दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले.

परंतु येथे लक्षात घ्यावयाचा प्रसंग त्याआधीचा, १८५५ मधला आहे. बोर्निओ बेटावरील सारवाकमध्ये सिमुंजन नदीकाठी कोळशाची खाण सुरू होत होती आणि तिच्यासाठी सखल, दलदलीचे जंगल तोडले जात होते. वॉलेस तेथे सुमारे नऊ महिने राहिला. पाडलेल्या वृक्षांच्या कुजत्या सालींवर भुंगेऱ्यांची झुंबड उडे. एका दिवसात त्याला ७६ जाती मिळाल्या; त्यांपैकी ३४ त्याला नवीन होत्या. मजुरांनी आणून दिलेल्या प्रत्येक कीटकामागे तो एक सेंट देई. त्याच्या वहीत ही विलक्षण प्राप्ती होती. परंतु वनाच्या दृष्टीने पाहिले तर ते उत्पन्न नव्हते, मुद्दलच खर्ची पडत होते. तोडीमुळे दिसणारी समृद्धी ही ऱ्हासाचीच खूण असते, हे अशा जमाखर्चात नोंदले जात नाही.

याच ठिकाणी त्याने पंधराहून अधिक ओरांगउटान मारले. त्यांतील एका मादीचे पिल्लू दलदलीत सापडले, तेव्हा त्याने ते मोठ्या ममतेने सांभाळले. दूध मिळेना म्हणून तांदळाची पेज पाजली. सुमारे तीन महिन्यांनी ते दगावले. वॉलेसच्या आयुष्यातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. संहार करणारा आणि हळहळणारा हात पुष्कळदा एकच असतो.

पुढे त्याचे विचार प्रगल्भ होत गेले. प्रत्येक जाती हा पृथ्वीच्या इतिहासाचा अंश आहे आणि तो नष्ट होऊ दिल्यास पुढील पिढ्या क्षमा करणार नाहीत, असा इशारा त्याने १८६३ च्या निबंधात दिला. तेव्हा त्याने सुचवलेला उपाय मात्र संग्रहालयांत नमुने जपण्याचा होता. १८७८ मध्ये उष्ण कटिबंधातील निसर्गावर लिहिताना त्याची दृष्टी सबंध वनावर गेली. सिलोन व हिंदुस्थानात कॉफीच्या मळ्यांसाठी चाललेल्या जंगलतोडीने माती वाहून जाईल, हवामान बिघडेल आणि देश दरिद्री होतील, असे त्याने बजावले. १८८१ मध्ये जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. भूमी ही एका पिढीच्या खासगी नफ्याची वस्तू नव्हे, ही त्याची धारणा होती. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याने पाहिलेल्या बोर्निओतील सुमारे ३० टक्के जंगल १९७३ ते २०१० या काळात नाहीसे झाले. आधी लाकूड गेले, मग दलदली उपसून तेथे तेलताडाचे मळे उभे राहिले. कोरड्या पडलेल्या त्या जमिनी १९९७ व २०१५ मध्ये महिनोन्‌महिने जळत राहिल्या. १९९९ ते २०१५ या अवधीत बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरांगउटान घटले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१६ मध्ये ही जाती अतिसंकटग्रस्त ठरली. मळ्यांतून मिळणारे परकीय चलन आणि रोजगार राष्ट्रीय उत्पन्नात धरले जातात. बुडालेले जंगल कोणत्याच खात्यावर खर्ची पडत नाही.

या व्यवहारात आपण त्रयस्थ नाही. पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. फरसाण, बिस्किटे, साबण यांतून ते मध्यमवर्गीय घरात रोज येते आणि स्वस्त असल्यामुळे गरिबाच्या कढईतही असते. म्हणून केवळ बहिष्काराची घोषणा पुरेशी नाही. तेल कोणत्या जमिनीवरून आले हे विचारण्याचा आग्रह धरणे आणि देशातील तेलबियांच्या उत्पादकाला रास्त भाव देणे, हे अधिक कठीण परंतु खरे उपाय आहेत. कुजत्या ओंडक्यांवरील भुंगेऱ्यांपासून सुरुवात करून सबंध वनापर्यंत पोहोचायला वॉलेसला तेवीस वर्षे लागली. बोर्निओच्या उरलेल्या जंगलापाशी तेवढा अवधी असेलच, असे मानून चालणे धोक्याचे होईल.