फळ्यामागचे डबे

काळाचौकीहून परळच्या दामोदर हॉलपर्यंत पायी जायला फारसा वेळ लागत नाही. ९ मार्च १९२४ रोजी याच सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली. त्यांचे बिऱ्हाडही वर्षानुवर्षे इथेच, परळच्या चाळींत. गिरणगावच्या या माणसाची चरित्रे पुष्कळ झाली. आज आठवतो तो त्यांच्यातला विद्यार्थी.

गुरूला उलट बोलू नये, हा आपल्याकडचा संस्कार. पण गुरूच अन्याय करू लागला, तर पोराने काय करावे? भीमरावांना हा प्रश्न साताऱ्याच्या शाळेतच पडला. बसायला घरून आणलेले तरटाचे बसकूर आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी! तिथेच आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्यांना देणारे आंबेडकर मास्तरही होते.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा गणित सोडवण्यासाठी मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले. वर्गात एकच गलका उठला. फळ्यामागे मुलांचे डबे होते आणि ते विटाळतील ही भीती! डबे हलले, मगच भीमराव फळ्याला लागले. संस्कृत घेण्याची त्यांची फार इच्छा होती, पण ते दार बंद राहिले. नाइलाजाने ते फारसी शिकले. संस्कृत मात्र त्यांनी सोडले नाही. पुढे स्वतःच्या कष्टाने ते शिकले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला हेरले ते केळुसकर गुरुजींनी. त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याची शिफारसही केली.

मी बँकेतला माणूस. म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लंडनमधला प्रसंग. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आलेले. बाबासाहेब मुंबईला परतले, त्यांनी मजकूर नव्याने लिहून काढला, पण निष्कर्षांना हात लावला नाही. त्याच वर्षी त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. प्रबंधाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. शिष्याची बरीच मते त्यांना पटली नव्हती. तसे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदवले आणि पुस्तकाची तारीफही केली.

एका वर्गात पोराला फळ्यापाशी नुसते उभे राहणे कठीण. दुसरीकडे गुरू आपला मतभेद शिष्याच्याच पुस्तकात छापतो. विद्यार्थी तोच होता, बदलली होती ती वर्गाची रीत. लंडनला सोन्याचे दिवस होते असे नव्हे, पण तिथे वाद मताशी होता, जन्माशी नव्हता.

साताऱ्यातले त्यांचे मौन ही सहनशीलता म्हणून गौरवू नये. लहान मुलापुढे दुसरा मार्गच नव्हता. मार्ग सापडला तेव्हा त्यांनी उद्धटपणा केला नाही आणि मानही तुकवली नाही. अभ्यास इतका पक्का केला, की समोरच्याला उत्तर द्यावेच लागावे. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, त्यामागे ही सारी शिदोरी होती.

उद्या आपले पोर शाळेतून रडवेले होऊन आले आणि बाईंची तक्रार सांगू लागले, तर गप्प बस म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. फळ्यामागे कुणाचे डबे ठेवले आहेत, एवढे तरी विचारावे.