दत्तूने आईला विचारलं

आजचं वचन : २ तीमथ्य १:५



नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी, सोनाळ्याला होतो. रात्रीच्या प्रार्थनेनंतर माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, पप्पा, तुम्हाला देवाबद्दल कधी शंका येते का? मी पांघरूण नीट केलं आणि झोप म्हणालो. खरं तर येते. पण सांगायची भीती वाटली.

आजच्या वचनात पौल तीमथ्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण देतो. मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

त्यांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मुलांच्या वाट्याला त्यातून धाकच आला. पुढे १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि बाईंवर आभाळ कोसळलं. दत्तू तेव्हा लहान होता. काही वर्षं त्या टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळीच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. विचार करता करता बाईंनाच पटलं, की जातिभेद माणसाने केला, देवाने नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी ते पुढे नेलं. दत्तू, म्हणजे देवदत्त, याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्याने आईकडे आठवणी मागितल्या. बाईंनी काही लपवलं नाही. रुसवे, भांडणं, टिळकांवरचा राग, स्वतःचा हट्ट, सगळं सांगितलं. त्यातूनच 'स्मृतिचित्रे' आलं. बाई १९३६ मध्ये गेल्या, आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' देवदत्तांनी प्रसिद्ध केलं. पुढे नातू अशोक टिळकांनी 'स्मृतिचित्रे'ची आवृत्ती संपादित केली. तीन पिढ्या!

मित्रांनो, आजोबांचं सोवळं धाकाने दिलेलं होतं, ते बाईंनी सोडलं. बाईंचा विश्वास त्यांच्या शंकांसकट मुलासमोर उघडा होता, तो त्याने जपला. आपण मुलांना बायबलचं ॲप देतो, संडे स्कूलला सोडतो. चांगलंच आहे. पण ती आपल्यालाही वाचत असतात.

आज रात्री मी मुलाला खरं उत्तर देणार आहे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या लेकरांसमोर खरं बोलायचं धैर्य आम्हाला दे. आमेन.