खाशाबा जाधव : लाल मातीतला पैलवान मॅटवर कसा उभा राहिला?

कुस्तीत ताकद मोठी की तोल? कोल्हापूरच्या तालमींतला हा जुना वाद. ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधवांचा प्रवास पाहिला, तर पारडं तोलाकडे झुकतं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पहिले डाव घरीच शिकायला मिळाले. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. चण लहान, त्यामुळे भिस्त चपळाईवर. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याचं डोकं पकडीत घ्यायचं आणि झटक्यात खाली आणायचं.

तोल नेमका राहतो कशावर?

डोळे, पाय आणि आतला कान यांच्यावर. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्या मेंदूला खबर देतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्या डोकं कुठे झुकलंय ते सांगतात.

कानाचा हा वाटा विजेने दाखवता येतो. दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड लावून अगदी सौम्य करंट सोडला, की डोळे मिटून उभा असलेला माणूस धन टोकाच्या बाजूला झुकतो. त्याला कुणी ढकललेलं नसतं. मेंदूला चुकीची खबर मिळालेली असते, एवढंच.

ढाक बसली की नजर, पाय आणि डोकं, तिन्ही एकदम जागचे हलतात. सावरायला वेळच उरत नाही.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे लाल माती नव्हती, मॅट होती. नियमही नवे. पायाखाली मऊ काही असलं की तळव्यांकडून येणारी माहिती पुसट होते आणि मेंदूला डोळे व कानांवर जास्त विसंबावं लागतं. मातीत घडलेल्या पैलवानाला तोल नव्याने शिकावा लागतो, तो यामुळेच. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले.

हेलसिंकी, १९५२

पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

या वेळी गट होता बँटमवेट, ५७ किलो. जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाली, त्यात खाशाबा हरले. नियमाप्रमाणे मिळायला हवी होती ती अर्ध्या तासाची विश्रांतीही न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं राहावं लागलं. बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. ती लढतही गेली. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

कराडमध्ये बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं.

पदकानंतर

१९५५मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकानंतर.

भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं १९९६मध्ये, लिएंडर पेसच्या रूपाने. मधली ४४ वर्षं वैयक्तिक पदक म्हणून खाशाबांचं ते एकच कांस्य देशाच्या खात्यावर होतं.