देऊन टाकणारे गाडगेबाबा

दान करणारे पुष्कळ असतात, पण दिलेल्या वस्तूवरचा हात काढून घेणारे थोडे. धर्मशाळा बांधायची, दारावर नावाची शिळा बसवायची आणि चार खोल्या घरच्यांसाठी राखायच्या, हा जगाचा व्यवहार. संत गाडगेबाबांनी तो मोडला.

बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील लवकर वारले. मामाकडे गुरे राखताना, शेतात राबताना सावकारी कर्ज घर कसे पोखरते, हे त्यांनी पाहिले. शाळा मात्र पाहिली नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनातून कर्ज, दारू व पशुबळी यांवर कोरडे ओढावेत, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा म्हणून विनवावे, हा त्यांचा धर्म.

लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांची सोय झाली.

हिंदू कायद्याप्रमाणे धर्मादाय अर्पण पुरे होण्यास देणाऱ्याने आपली मालकी सोडावी लागते. पुढे तो व्यवस्था पाहू शकतो, पण मालक उरत नाही. अनेकांचे दान इथेच अडखळते. बाबांनी इमारती विश्वस्तांकडे सोपवल्या. स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी त्यांत हक्क ठेवला नाही. १९५२ साली गाडगेबाबा मिशन स्थापन झाले.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. देवळाच्या दारातून ज्यांना परत फिरावे लागे, त्यांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली ही वास्तू आता त्यांच्या मुलांच्या शिक्षणाच्या कामी आली. बाबांच्या मनात पुण्य आणि शिक्षण ही दोन खाती वेगळी नव्हतीच.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. मागे वारसांना वाटून घेण्याजोगे काही नव्हते. पण ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच चढली जात आहे, असे माझ्यासारखे असंख्य विद्यार्थी त्यांचे वारस नव्हेत काय? अक्षरओळख नसलेल्या या माणसाचे ऋण फेडायचे, तर मिळालेले शिक्षणही एकट्यापुरते राखून चालणार नाही.