आईच्या नावाचा चाकू : कर्जात बुडालेल्या कार्ल एल्सनरने ‘स्विस नाइफ’ कसा घडवला?

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर जत्रा भरते. पाळणे, पिपाण्या, बांगड्या, प्लॅस्टिकच्या गाड्या. त्यातच एखाद्या पथारीवर किचेनला अडकवलेले लाल मुठीचे छोटे चाकू दिसतात. मिटले की बोटाएवढे, उघडले की पातं, बाटली उघडणारा आकडा आणि असंच काहीबाही. लहानपणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हट्ट करून असा एक चाकू घेतलेला असतो. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तो गंजून घट्ट बसलेलाही असतो.

ही सगळी नक्कल आहे ती स्वित्झर्लंडच्या एका चाकूची. तो चाकू बनवणाऱ्या माणसाचं नाव कार्ल एल्सनर. आज त्याची कंपनी जगभर पोचलीये, पण एक काळ असा होता की त्याचं दिवाळं निघायचंच बाकी होतं.

गोष्ट सुरुवातीपासून बघू.

टोप्यांचं दुकान नको, भट्टी हवी

कार्लचा जन्म १८६० चा. घरचा धंदा टोप्यांचा होता आणि पोराने गल्ल्यावर बसावं हे सरळ होतं. पण कार्लचं मन लोखंडात होतं. तो चाकू-सुऱ्या बनवायचं काम शिकला. मग त्या काळच्या रीतीप्रमाणे हाताखाली काम करत पॅरिसला राहिला, जर्मनीतल्या टुटलिंगनला राहिला. टुटलिंगन हे शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी नावाजलेलं गाव. तिथे धार किती बारीक असू शकते हे त्याने बघितलं.

१८८४ मध्ये तो परत आला आणि श्वित्झ प्रांतातल्या इबाख नावाच्या गावी त्याने स्वतःचा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे काय, तर ओढ्याचं पाणी, त्यावर फिरणारं चाक आणि त्या चाकावर चालणारी सहाण. कार्ल स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि डॉक्टरांची हत्यारं बनवायचा. माल विकायला मदत करायची त्याची आई, व्हिक्टोरिया. हे नाव लक्षात ठेवा.

चाकरमान्यांचा प्रांत

आजचं श्रीमंत स्वित्झर्लंड डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा श्वित्झ हा गरीब भाग होता. शेतीवर भागत नव्हतं आणि तरुण मुलं पोटासाठी परदेशी निघून जात होती. त्याच दशकांत आपल्याकडे कोकणातली गावं रिकामी होऊन लालबाग-परळच्या गिरण्या भरत होत्या, तसंच काहीसं. फरक एवढाच की इबाखच्या आसपास गिरणगाव नव्हतं. कार्लला गावातच काम उभं करायचं होतं.

संधी आली ती लष्कराकडून. स्विस सैन्याने नवी रायफल घेतली होती आणि ती खोलायला पेचकस लागायचा. शिवाय सैनिकांचं जेवण डब्यातून येऊ लागलं होतं, म्हणजे डबा फोडायलाही काहीतरी हवं. म्हणून चार गोष्टी एकत्र असलेला घडीचा चाकू ठरला : पातं, आरी, डबा उघडायचं हत्यार आणि पेचकस.

पण एवढे चाकू बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडेच नव्हती. त्यामुळे १५,००० चाकूंची पहिली ऑर्डर गेली जर्मनीतल्या झोलिंगन शहरात. आपल्या सैनिकाच्या खिशात परदेशी चाकू!

कार्लने देशातल्या चाकू कारागिरांना गोळा करून संघटना काढली. प्रत्येकाने थोडं थोडं बनवायचं आणि सगळ्यांनी मिळून ऑर्डर पुरी करायची. १८९१ मध्येच त्याने सैन्याला पहिले चाकू दिलेसुद्धा.

आणि मग सगळं फसलं

झोलिंगनचे मोठे कारखाने तोच चाकू स्वस्तात बनवत होते. इकडे हाताने काम करणाऱ्या कारागिरांना प्रत्येक चाकूमागे तोटा व्हायला लागला. एकेक जण संघटनेतून बाहेर पडला आणि शेवटी कार्ल एकटा उरला. कर्ज वाढत गेलं. नातेवाइकांनी हात दिला आणि काही देणेकऱ्यांनी सबुरीने घेतलं, म्हणून कारखान्याला टाळं लागलं नाही.

याच सुमारास आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमधली नोकरी सोडून स्वतःचा धंदा उभा करत होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. माल चांगला असूनही तो विकला जाईपर्यंत तग धरणं, ही दोघांचीही परीक्षा होती.

एका कमानीची करामत

कार्लला कळून चुकलं होतं की किमतीत आपण जर्मनांना हरवू शकत नाही. मग त्याने चाकूच बदलला.

घडीचा चाकू उघडताना आणि मिटताना ‘टक’ असा आवाज येतो तो मुठीच्या आत बसवलेल्या पोलादी कमानीमुळे. ती पात्याला दाबून धरते, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही आणि वापरताना सहज मिटत नाही. आपल्या सिनेमातल्या रामपुरीचा खटका वेगळा. इथे पातं नखाने ओढूनच उघडायचं.

आता जेवढी हत्यारं तेवढ्या कमानी टाकल्या तर चाकू जाड आणि जड होणार. कार्लने युक्ती अशी केली की एकाच कमानीला दोन्ही बाजूंनी कामाला लावलं. मुठीच्या एका बाजूला पाती आणि पाठीमागच्या बाजूला दुसरी हत्यारं. सहा हत्यारं आणि कमानी फक्त दोन! जुन्या चार गोष्टींत एक छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू यांची भर पडली. चाकू सैनिकांच्या चाकूपेक्षा हलका आणि दिसायलाही देखणा झाला.

१२ जून १८९७ रोजी या चाकूची नोंदणी झाली. नाव होतं अधिकाऱ्यांचा आणि खेळाडूंचा चाकू. गंमत म्हणजे सैन्याने तो अधिकृतपणे कधी घेतलाच नाही. अधिकारीच स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घेऊ लागले आणि त्यावर कारखाना तरला.

नाव आईचं, नंतर पोलादाचंही

१९०९ मध्ये आई वारली. कार्लने कारखान्याला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. त्याच वर्षी ढालीतला पांढरा क्रॉस ही खूण आली, कारण तेव्हाही नकली माल बाजारात होताच. जत्रेतल्या चाकूचा इतिहास असा जुना आहे.

डिसेंबर १९१८ मध्ये कार्ल गेला. तीन वर्षांनी, १९२१ मध्ये, कारखान्यात स्टेनलेस स्टील वापरात आलं. त्याला फ्रेंचमध्ये थोडक्यात ‘इनॉक्स’ म्हणतात. आईचं नाव आणि हे पोलाद मिळून झालं व्हिक्टोरिनॉक्स. ज्या नावाने जग त्याचा चाकू ओळखतं, ते नाव खुद्द कार्लने कधी ऐकलंच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू घरी नेले. त्यांना मूळ जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणू लागले.

२००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली आणि विक्री धाडकन कोसळली. पण कंपनीने कुणालाही कामावरून काढलं नाही, काहींना तर काही काळासाठी दुसऱ्या कंपन्यांत कामाला पाठवलं. गावातला रोजगार टिकवायचा हा कार्लचा हट्ट त्याच्या पणतवंडांपर्यंत पोचला होता.

तुमच्याकडे असा चाकू असेल तर

स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. त्यातल्या क्रोमियममुळे पोलादावर एक अतिशय पातळ थर बनतो आणि तो गंज रोखतो. मीठ या थराचा शत्रू आहे. आपण मिठागरांच्या वडाळ्यात राहतो आणि हवेतच खार आहे, त्यामुळे काळजी थोडी जास्त घ्यायची.

लिंबू, कैरी कापली की चाकू लगेच धुवायचा. कोमट पाण्यात सगळी हत्यारं उघड-मीट करायची म्हणजे सांध्यातला कचरा निघतो. पूर्ण वाळवून कमानीपाशी तेलाचा एकच थेंब सोडायचा. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं. धार बारीक सहाणेवर लावायची. गल्लीतल्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर पातळ पातं पटकन तापतं आणि झिजतं. पात्याने डबे उचकटायचे नाहीत, त्यासाठी शेजारी दुसरं हत्यार दिलंय. आणि विमानाने जाताना चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नका, नाहीतर विमानतळावरच सोडून द्यावा लागेल.

एवढं केलं तर चांगला चाकू बापाकडून पोराकडे जातो. पुढच्या जत्रेत लाल मुठीचा चाकू दिसला, तर तो घ्या किंवा घेऊ नका, पण टोप्यांचं दुकान सोडून भट्टीपाशी गेलेल्या त्या पोराची आणि त्याच्या सुऱ्या विकणाऱ्या आईची आठवण नक्की काढा.