हौसेचे मोल

7 मार्च 1977. फ्रान्सच्या पूर्व सीमेलगतच्या म्यूलूझ या जुन्या गिरणगावात संतप्त कामगारांचा एक जथा लाल विटांच्या एका सूतगिरणीवर चालून गेला. या गिरणीतली लोकरीची कताई केव्हाच थांबली होती. तरीही तिची दारे सदैव बंद असत आणि आत राबणाऱ्या कारागिरांना बाहेर अवाक्षर काढण्याची मुभा नसे. कामगार आत शिरले आणि जागच्या जागी थबकले. पॅरिसमधल्या पुलावर शोभावेत असे नक्षीदार दिव्यांचे खांब ओळीने उभे होते आणि त्यांच्या दुतर्फा शेकडो जुन्या मोटारी आरशासारख्या लखलखत होत्या. ज्या मालकांनी गिरण्या चालवणे आता परवडत नाही म्हणून हात वर केले होते, त्यांचीच ही दौलत होती.

त्या दोन मालक बंधूंपैकी धाकटे म्हणजे फ्रिट्झ श्लुम्फ. दुर्मीळ मोटारींच्या शौकिनांमध्ये त्यांचे नाव आजही निघते, पण ते घेताना कुणाच्या स्वरात आदर असतो, कुणाच्या स्वरात राग. एका माणसाच्या हौसेने जगभरच्या एका छंदाचा बाजार कसा हलवला आणि त्या हौसेचे मोल अखेर कोणी चुकते केले, याची ही कहाणी आहे.

फ्रिट्झ यांचा जन्म 1906 मधला, उत्तर इटलीतील ओमेन्या या गावचा. थोरले बंधू हान्स त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. वडील स्विस, आई जान म्यूलूझची. मुले लहान असतानाच हे कुटुंब आईच्या गावी येऊन राहिले. वडील लवकर गेले आणि दोन्ही मुलांना आईनेच वाढवले. या आईवर दोघांची विलक्षण भक्ती होती आणि ती पुढे त्यांच्या प्रत्येक मोठ्या निर्णयात डोकावत राहिली. फ्रिट्झ लोकरीच्या व्यापारात शिरले, हान्स यांनी पैशाची बाजू सांभाळली. 1935 मध्ये दोघांनी लोकर व्यवसायाची कंपनी काढली. काही वर्षांत व्होज पर्वताच्या कुशीतील मालमर्सपाखची मोठी सूतगिरणी त्यांच्या ताब्यात आली. युद्धानंतर कापडाला मागणी वाढली आणि श्लुम्फ बंधूंच्या गिरण्यांची संख्याही वाढत गेली.

फ्रिट्झ यांना तरुणपणापासून वेड होते ते बुगाटी मोटारींचे. त्याला कारणही होते. म्यूलूझ ज्या अल्सास प्रांतात आहे, त्याच प्रांतातील मोल्सहाइम येथे एतोर बुगाटी यांनी 1909 मध्ये आपला कारखाना थाटला होता. एतोर मूळचे मिलानचे, कलावंतांच्या घराण्यातले. त्यांच्या गाड्यांत यंत्राची ताकद आणि शिल्पाचा डौल एकत्र नांदत असे. 1924 मध्ये आलेल्या त्यांच्या टाइप 35 या गाडीने शर्यतींची मैदाने गाजवली. फ्रिट्झ यांनीही बुगाटी घेतली आणि अल्सासच्या घाटरस्त्यांवरील स्पर्धांत ती पळवली. पुढे बुगाटी घराण्याचे दिवस फिरले. एतोर यांचा कर्तबगार मुलगा जाँ 1939 मध्ये गाडीची चाचणी घेताना अपघातात दगावला. 1947 मध्ये एतोर स्वतःही गेले. कारखान्याची रया गेली आणि 1963 मध्ये तो इस्पानो-सुइझा या कंपनीकडे गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1950 च्या दशकात जुनी मोटार ही बहुतेकांच्या लेखी भंगार होती. शर्यतीसाठी कालबाह्य, रोजच्या वापरासाठी गैरसोयीची, आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त. अशा गाड्या जपून ठेवणारे थोडेच, आणि ते बहुधा एकमेकांना नावाने ओळखणारे. त्यांची खरेदी-विक्री चाले ती पत्रांतून, क्लबांच्या भेटीगाठींतून आणि तोंडी शब्दावर. गाडी विकणारा घेणाऱ्याची पारख करी. तो ती नीट ठेवील का, चालवील का, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा असे. चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक मूळ नोंदींशी जुळतो की नाही, वरचा सांगाडा मूळचा की नंतर चढवलेला, आधीचे मालक कोण, यावर गाडीची पत ठरे. या माहितीसाठी ब्रिटिश अभ्यासक ह्यू कॉनवे यांनी मोठ्या मेहनतीने बुगाटी गाड्यांची नोंदवही तयार केली. कोणती गाडी कोठे आणि कोणाकडे आहे, ते तीत लिहिलेले होते.

ही नोंदवही शौकिनांनी शौकिनांसाठी केलेली होती. फ्रिट्झ श्लुम्फ यांच्या हाती ती पडली, तेव्हा तिची खरेदीची यादी झाली. त्यांनी तीत नोंदलेल्या मालकांना एकामागून एक पत्रे धाडली आणि गाडी विकत घेण्याची तयारी दाखवली. देशोदेशी हस्तक नेमले. केवळ 1962 या एका वर्षात त्यांनी सुमारे 50 बुगाटी जमवल्या. 1963 मध्ये मोल्सहाइमच्या कारखान्यात उरलेल्या एतोर यांच्या संग्रहातील 18 गाड्या त्यांनी घेतल्या. त्यांत एतोर यांची स्वतःची कुपे नेपोलियन होती. राजेमहाराजांसाठी म्हणून कल्पिलेल्या आणि जेमतेम सहाच बनलेल्या रॉयाल मालिकेतील ही गाडी. सुमारे पावणेतेरा लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे इंजिन असलेल्या या मालिकेतल्या फक्त तीन गाड्यांना त्या काळी गिऱ्हाईक मिळाले होते.

त्यानंतरचा सौदा तर या बाजारात दंतकथाच होऊन बसला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जॉन शेक्सपिअर नावाच्या धनिक हौशी गृहस्थाकडे 30 बुगाटींचा संग्रह होता. त्यातही एक रॉयाल होती, इंग्लंडच्या पार्क वॉर्ड कंपनीने सांगाडा चढवलेली. महासागराच्या दोन्ही तीरांवरून घासाघीस झाली आणि अखेर सगळ्या गाड्यांचा सौदा 85,000 डॉलरला ठरला. म्हणजे सरासरी एका गाडीला तीन हजार डॉलरही पडले नाहीत. 30 मार्च 1964 रोजी हॉफमन या छोट्या स्थानकातून या गाड्या उघड्या मालडब्यांवर चढवून रवाना झाल्या आणि पुढे बोटीने फ्रान्सला पोहोचल्या. तुलनेसाठी एवढेच सांगतो की, 1987 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील लिलावात अशीच एक रॉयाल 55 लाख पौंडांना गेली. फ्रिट्झ यांना भविष्य दिसले होते, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र शौकिनांच्या वर्तुळात त्यांच्याविषयी नाराजी वाढू लागली होती. त्यांनी गाड्या पैसे मोजूनच घेतल्या होत्या, त्यात काही गैर नव्हते. पण इतर संग्राहक आपली गाडी मेळाव्याला आणत, चालवत, बॉनेट उघडून दाखवत. श्लुम्फ यांच्याकडे गेलेली गाडी मात्र पुन्हा दिसत नसे. एकच बडा गिऱ्हाईक घाऊक खरेदीला उतरला की भाव चढतात, आणि बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसाला तो छंद परवडेनासा होतो. बुगाटींच्या बाबतीत नेमके तेच घडू लागले.

या गाड्या जात होत्या म्यूलूझच्या त्या लाल विटांच्या गिरणीत. 1957 मध्ये श्लुम्फ बंधूंनी ती विकत घेतली होती. तिथल्या सुमारे 17,000 चौरस मीटरच्या दालनात फ्रिट्झ यांनी आपले स्वप्न मांडायला घेतले. पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावरील दिव्यांच्या धर्तीवर आठशेहून अधिक खांब घडवून घेतले. सुतार, गादीकाम करणारे, रंगारी, यंत्रकारागीर यांचा मोठा ताफा वर्षानुवर्षे गाड्यांच्या दुरुस्तीत गुंतला होता. बुगाटींची संख्या शंभरावर गेली. जोडीला पानार, प्यूजो, मर्सिडीज, रोल्स-रॉइस, मासेराती आल्या. आमेदे गोर्दिनी यांच्या शर्यतीच्या गाड्या आल्या. सारे मिळून चारशेहून अधिक वाहने. हे संग्रहालय फ्रिट्झ यांना आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण करायचे होते. पण ते उघडण्याचा दिवस काही येईना.

दरम्यान बाहेरचे जग बदलत होते. कृत्रिम धाग्यांनी लोकरीची जागा घेतली, स्वस्त आयात वाढली आणि 1973 च्या तेलसंकटानंतर युरोपातील कापडउद्योगाला घरघर लागली. श्लुम्फ यांच्या गिरण्या त्यातून सुटल्या नाहीत. 1976 मध्ये कामगारकपात सुरू झाली आणि संपाचा भडका उडाला. सुमारे 2,000 कामगारांच्या चुली या गिरण्यांवर पेटत होत्या. मालमर्सपाखमध्ये कामगारांनी मालकांच्या बंगल्यालाच वेढा घातला. पोलिसांच्या संरक्षणात दोघे बंधू बाहेर पडले आणि सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी गेले. वडिलांमुळे त्यांच्याकडे स्विस नागरिकत्व होते, त्यामुळे फ्रेंच कायद्याचा हात तिथवर पोहोचेना. ज्या गावी त्यांनी साम्राज्य उभारले, ते तिथून अवघ्या 30-35 किलोमीटरवर होते.

आणि मग ती मार्चमधली सकाळ आली. दालनातले दृश्य पाहून कामगारांना काय वाटले असेल, याची कल्पना सहज करता येते. गिरण्यांच्या पैशातूनच हा थाट उभा राहिला, असा त्यांचा आरोप होता आणि पुढे फ्रान्समध्ये मालकांवर त्यावरून खटलेही झाले. रागाच्या भरात कामगारांनी एक ऑस्टिन सेव्हन गाडी, दुरुस्त न झालेली, पेटवून दिली. इथून पुढे काहीही घडू शकले असते.

पण घडले ते निराळेच. कामगारांनी दालनाचा ताबा घेतला, त्याला कामगारांचा कारखाना असे नाव दिले आणि दारे लोकांसाठी खुली केली. गाड्या पुसल्या, पहारा दिला, येणाऱ्यांना आपली व्यथा सांगितली. दोन वर्षे हा ताबा टिकला आणि तेवढ्या काळात सुमारे 8 लाख लोक हा संग्रह पाहून गेले. फ्रिट्झ श्लुम्फ यांना दहा-पंधरा वर्षांत जे जमले नाही, ते नोकरी गमावलेल्या सूतकामगारांनी करून दाखवले. ज्यांना या मोटारींविषयी सर्वाधिक चीड असायला हवी होती, तेच त्यांचे रखवालदार झाले.

पुढचा प्रश्न विक्रीचा होता. देणेकऱ्यांचे पैसे भागवायचे तर गाड्या एकेक करून जागतिक बाजारात काढणे हा सर्वांत फायदेशीर मार्ग. पण तसे झाले असते, तर हा संग्रह चार दिशांना पांगला असता. 1978 मध्ये फ्रान्सने तो ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर केला आणि गाड्या देशाबाहेर नेण्याचा मार्ग बंद झाला. 1981 मध्ये सारा संग्रह इमारतीसह 4 कोटी 40 लाख फ्रँकला एका संस्थेने घेतला. म्यूलूझ नगरपालिका आणि स्थानिक शासनसंस्था तीत सहभागी होत्या. ही रक्कम बाजारभावापेक्षा फारच कमी होती, असे अनेक जाणकारांचे मत पडले. शिवाय ज्या अटीमुळे गाड्या एकत्र राहिल्या, तिनेच त्यांची किंमतही पाडली होती. देणेकऱ्यांच्या पदरात त्यामुळे कमी पडले. 1982 मध्ये राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून हे दालन रीतसर उघडले.

फ्रिट्झ बाझलमध्येच राहिले. संग्रह आपला आहे, तो कवडीमोलाने नेला गेला, हे त्यांचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत कायम होते. हान्स 1989 मध्ये निवर्तले, फ्रिट्झ 1992 मध्ये. न्यायालयाने एका बाबतीत मात्र त्यांच्या बाजूने कौल दिला. संग्रहालयाच्या नावात श्लुम्फ संग्रह हे शब्द आले. शिवाय मालमर्सपाखला ठेवलेल्या, दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या साठेक गाड्या न्यायालयीन लढ्यानंतर फ्रिट्झ यांच्या पत्नीकडे आल्या. 2008 मध्ये त्या विकल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या कॅलिफोर्नियातील संग्राहक पीटर मलिन यांच्या संग्रहालयात पोहोचल्या. 2023 मध्ये मलिन वारले आणि 2024 च्या फेब्रुवारीत ते संग्रहालयही बंद झाले. खाजगी संग्रहाचे आयुष्य बहुधा संग्राहकाच्या आयुष्याएवढेच असते, हे यातून पुन्हा दिसले.

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. फ्रिट्झ श्लुम्फ यांच्या हौसेला मात्र मोल होते आणि त्याचा मोठा वाटा त्यांनी स्वतः चुकवला नाही. तो मालमर्सपाख आणि म्यूलूझच्या कामगारांनी रोजगार गमावून चुकवला. हेही तितकेच खरे की, भंगारात गेल्या असत्या अशा कितीतरी गाड्या या माणसाच्या हट्टामुळे वाचल्या. आज म्यूलूझला जाणारा प्रवासी कुपे नेपोलियनसमोर उभा राहतो, तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटवर त्या नक्षीदार दिव्यांचे प्रतिबिंब पडलेले असते. प्रवेशद्वारावर श्लुम्फ यांचे नाव आहे. ज्यांनी दोन वर्षे पहारा देऊन हे सारे राखले, त्यांची आठवण आपण ठेवायची असते.